गिऱ्हाईकाचे बोल आणि संगणकाचा तराजू

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्याची ओळख. आषाढी वारी आटोपली की आषाढ वद्य एकादशीला येथे परतवारी भरते आणि गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस त्या दिवशी येथे लोटतो. नामदेवांची पदे गुरू ग्रंथ साहिबात असल्यामुळे पंजाबातले शीख भाविकही नरसीला येतात. माणूस आला की बाजार आला. चहा, फराळ, हार-फुले, खेळणी, बांगड्या, हळद-कुंकू अशी दुकाने अशा गर्दीवर चालतात.

पूर्वी अशा बाजारात दुकानाचे नाव तोंडोतोंडी पसरायचे. "त्याचे माप पुरे असते" हा एक बोल दुकानदाराला दहा वर्षे पुरायचा, आणि "तो जुना माल खपवतो" हा बोल एका जत्रेत धंदा बसवायचा. बोल आजही तसेच आहेत, मात्र आता ते लिहिले जातात. नांदेडला किंवा अमृतसरला परतलेला माणूस घरी बसून मोबाइलवर दुकानाला दोन तारे देतो आणि खाली तीन ओळी लिहितो. तोंडचा शब्द वाऱ्यावर विरून जात असे, लिहिलेला शब्द राहतो. तो पुढचे गिऱ्हाईक वाचते, आणि त्याआधी संगणक वाचतो.

संगणक हे बोल कसे वाचतो? त्यातून काय शिकतो? आणि लहान व्यापाऱ्याने त्याची दखल का घ्यावी? मोठ्या कंपन्या या कामासाठी पगारी माणसे ठेवतात. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे दुकान एका माणसाचे किंवा एका कुटुंबाचे आहे. त्यांच्यासाठी हा विषय सोपा करून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ढिगात हात घालणे

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले व त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत मात्र बोटांना ओल लागली. पावसात भिजल्याचे कारण विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारून त्यांनी फसवणुकीबद्दल कडक ताकीद दिली. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. आजचा विषय समजायलाही तोच उपयोगी पडतो.

लाखो लोकांनी लिहिलेले अभिप्राय हाही एक ढीगच आहे. वरून सरासरी दिसते, म्हणजे पाचपैकी चार तारे. आत काय आहे ते ढिगात हात घातल्याशिवाय कळत नाही. संगणकाच्या मदतीने असा हात घालण्याच्या कामाला 'डेटा मायनिंग' म्हणतात, म्हणजे माहितीचे खाणकाम. खाणीत पुष्कळ माती उपसावी तेव्हा थोडे धातू हाती लागते, म्हणून हे नाव. या कामात जुन्या उदाहरणांवरून नव्या उदाहरणाबद्दल अंदाज बांधायला यंत्राला शिकवले जाते, त्याला 'मशीन लर्निंग' म्हणजे यंत्रशिक्षण म्हणतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या विद्वानाने गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली. मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजायचे आणि त्यावरून अर्थापर्यंत पोहोचायचे, ही ती रीत. मजकूर समजण्याआधी तो मोजायचा, हे तत्त्व तेथे आहे. ज्या 'अल्गोरिदम' शब्दाशिवाय आज संगणकाची गोष्ट पुरी होत नाही, तो शब्दही त्याच काळातील अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे.

यंत्र शिकते कसे?

समजा, नरसीत एक दुकानदार आहे. तो हिंगोलीच्या बाजारातून हळकुंडे घेतो, दळून पाव किलोच्या पिशव्या भरतो, काही दुकानात विकतो आणि काही ऑनलाइन पाठवतो. हिंगोली आणि वसमत हा हळदीचाच पट्टा, तेव्हा हे उदाहरण या भागाला साजेसे आहे. त्याच्या हळदीवर १०० अभिप्राय आले. एका माणसाने बसून ते सगळे वाचले आणि दोन गठ्ठे केले. ६० समाधानी, ४० तक्रारीचे.

आता यंत्राला हे दोन गठ्ठे द्यायचे. यंत्राला हळद माहीत नाही, वास माहीत नाही, मराठीही येत नाही. ते फक्त शब्द मोजते. समजा, 'सुवास' हा शब्द ६० समाधानी अभिप्रायांपैकी ३० मध्ये सापडला, म्हणजे निम्म्यांत. ४० तक्रारींपैकी तो फक्त ४ मध्ये आहे, म्हणजे दहांत एक. 'उशीर' हा शब्द नेमका उलटा आहे. समाधानी गठ्ठ्यात ६ ठिकाणी, म्हणजे दहांत एक, आणि तक्रारींत २० ठिकाणी, म्हणजे निम्म्यांत.

यानंतर एक नवा अभिप्राय येतो : "सुवास छान आहे, पण माल यायला उशीर झाला." हा कोणत्या गठ्ठ्यात टाकायचा? यंत्र गुणाकार करते. समाधानी बाजू : ६० गुणिले एक द्वितीयांश गुणिले एक दशांश, उत्तर ३. तक्रारीची बाजू : ४० गुणिले एक दशांश गुणिले एक द्वितीयांश, उत्तर २. तीनास दोन. म्हणजे हा अभिप्राय समाधानी असण्याची शक्यता पाचांत तीन, अर्थात ६० टक्के. यंत्र तो समाधानी गठ्ठ्यात टाकते.

या रीतीला इंग्लंडमधील पाद्री थॉमस बेज यांचे नाव आहे. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकवाले या रीतीला 'भोळी' म्हणतात, कारण प्रत्येक शब्द दुसऱ्या शब्दापासून अगदी स्वतंत्र आहे असे ती धरून चालते. आजची मोठी यंत्रे याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत. शब्दाच्या आगेमागे कोणते शब्द आहेत तेही ती पाहतात. तरी मूळ गोष्ट बदललेली नाही. आधी माणसांनी लिहिले, मग यंत्राने मोजले.

यंत्र खरेच शिकले की नाही हे तपासण्याचीही रीत आहे. शंभरपैकी काही अभिप्राय बाजूला झाकून ठेवतात आणि शिकवून झाल्यावर त्यांवर यंत्राची परीक्षा घेतात. शिकवलेलेच प्रश्न परीक्षेत विचारले तर त्या निकालाला अर्थ नाही, हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही कळते. येथे एक फसगत लक्षात ठेवावी. जे यंत्र काहीही न वाचता सगळ्यांना 'समाधानी' म्हणेल तेही आपल्या उदाहरणात शंभरपैकी ६० वेळा बरोबर ठरेल! म्हणून एखादा विक्रेता "आमचे यंत्र इतके टक्के अचूक" असे सांगत आला, तर "काहीच न वाचता किती आले असते?" असा प्रश्न त्याला जरूर विचारावा.

वर्गवारी हे झाले एक काम. दुसरे काम जोड्या शोधण्याचे. राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आयबीएममध्ये असताना, दुकानातल्या एकाच खरेदीत कोणत्या वस्तू जोडीने जातात हे लाखो बिलांतून शोधण्याची रीत मांडली. तीच रीत शब्दांना लावता येते. 'पिशवी' आणि 'फुटली' हे शब्द पुन्हा पुन्हा जोडीने येत असतील तर हळदीत दोष नाही, दोष शिलाईत किंवा सीलमध्ये आहे, हे दुकानदाराला घरबसल्या कळते.

एका ताऱ्याची किंमत

"एवढे डोके कशाला लावायचे? आमचे गिऱ्हाईक आम्हाला ओळखते," असे काही जण म्हणतील. गावातले गिऱ्हाईक ओळखते, हे खरे. परतवारीला येणारा मात्र ओळखत नाही. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या उपाहारगृहांवर दिसला. ज्यांच्या शाखा गावोगाव आहेत त्यांच्यावर तो दिसला नाही. कारण उघड आहे. मोठ्या नावाचा माल कसा असतो ते लोकांना आधीच माहीत असते. अनोळखी लहान दुकानाबद्दल मात्र लोकांच्या बोलांवाचून दुसरा पुरावा नसतो. म्हणजे तारे आणि अभिप्राय ही मोठ्यांपेक्षा लहानांची गरज अधिक आहे.

यंत्र कोठे फसते?

वरचे उदाहरण पुन्हा पाहावे. "सुवास छान, पण उशीर झाला." उशीर माल पोहोचवणाऱ्याने केला, हळदीने नव्हे. पण गिऱ्हाईक रागाने दोन तारे देते आणि ते हळदीच्या नावावर पडतात. जे यंत्र फक्त 'चांगले की वाईट' एवढेच विचारते, ते येथे दुकानदारावर अन्याय करते. जे यंत्र माल, वजन, बांधणी आणि पोहोच यांचा वेगवेगळा हिशेब ठेवते ते न्याय करू शकते.

दुसरी अडचण उपरोधाची. "वा, काय हळद आहे! चार चमचे टाकले तरी भाजी पांढरीच." यात 'वा' आहे, 'हळद' आहे, वाईट म्हणावा असा एकही शब्द नाही. माणूस हसतो, यंत्र चकते. बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी २००२ मध्ये इंग्रजी चित्रपट परीक्षणांवर असे प्रयोग केले. यंत्राची अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास गेली. चुका प्रामुख्याने कोठे झाल्या, तर जेथे लिहिणारा आधी भरभरून कौतुक करतो आणि शेवटच्या ओळीत पाणी फिरवतो तेथे. यंत्रे तेव्हापासून बरीच सुधारली, पण ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

तिसरी अडचण आपल्या भाषेची, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत 'हळद' एकटी येत नाही. हळदीचा, हळदीला, हळदीसारखी, हळदीतसुद्धा अशी तिची रूपे होतात. भोळ्या यंत्राला ती चार वेगळी नावे वाटतात. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. मराठवाड्यातला मुसलमान कुटुंबातला माणूस मराठीत लिहिता लिहिता "माल खालिस है" असे सहज लिहून जातो. हळदीला याहून मोठी पावती नाही. पण यंत्राने शिकताना 'खालिस' हा शब्द पाहिलाच नसेल तर त्याच्या लेखी ती पावती नाहीच. यंत्र शब्दाचा द्वेष करत नाही, त्याला तो शब्द दिसतच नाही. परिणाम मात्र तोच.

मराठीसाठी काम झालेच नाही असे नाही. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये 'महासेंट' हा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात सुमारे १६ हजार मराठी ट्वीट असून माणसांनी एकेक वाचून त्यांना सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण केली आहे. २०२२ मध्ये त्याच गटाने 'महाहेट' संग्रह आणला. २५ हजारांहून अधिक ट्वीटांतून द्वेषाचे, अपमानाचे आणि शिवीगाळीचे लेखन ओळखायला यंत्राला शिकवता यावे, हा त्यामागचा हेतू. मराठीतून पसरवल्या जाणाऱ्या द्वेषाचा त्रास कोणाला होतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. अशा कामाचे स्वागतच केले पाहिजे.

पण एक गोष्ट येथे समजून घेतली पाहिजे. महासेंटमधील ट्वीट महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली आहेत. अशा खात्यांवर सभा, शुभेच्छा, निषेध यांची भाषा असणार. हळकुंडाचा भाव, बांगडीचे माप, शिलाईतली चूक ही भाषा तेथे कोठून येणार? हा संग्रह करणाऱ्यांचा दोष नव्हे. जे लिहिलेले सापडते त्यातूनच संग्रह होतो. नरसीच्या बाजाराची मराठी लिहिली गेली नाही तर ती कोणत्याही यंत्राला येणार नाही. संत नामदेव शिंपी कुळातले. माप घेतल्याशिवाय कापड कापू नये, हे शिंपी पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. दुसऱ्याच्या मापाने बेतलेले यंत्र आपल्या अंगाला बसले नाही तर नवल कसले?

खोटी गवाही

आता या धंद्याची काळी बाजू. ताऱ्याला किंमत आली की खोटे तारे विकणारेही आले. पैसे घेऊन अभिप्राय लिहून देतो, प्रतिस्पर्ध्याला एक-एक ताराही देतो, असे सांगणारे आता लहान व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचू लागले आहेत. "सगळेच करतात" हे त्यांचे ठरलेले वाक्य.

अशी लबाडी पकडण्याचे कामही यंत्रशिक्षणच करते. नितीन जिंदाल आणि बिंग लिऊ यांनी २००८ मध्ये ॲमेझॉनवरील ५८ लाख अभिप्राय तपासले. तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगवेगळ्या वस्तूंवर चिकटवलेला सापडला, आणि त्याच खुणेवरून त्यांनी यंत्राला खोटे अभिप्राय ओळखायला शिकवले. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी शिकागोच्या हॉटेलांवरील ४०० खरे आणि मुद्दाम लिहवून घेतलेले ४०० खोटे अभिप्राय एकत्र केले. माणसांना ते ओळखणे नाणे उडवण्यापेक्षा फारसे जमले नाही. यंत्राने मात्र सुमारे ९० टक्के बरोबर ओळखले. यंत्राला कोणती खूण सापडली? खोटे लिहिणाऱ्याने खोलीचे, जागेचे, मोजमापाचे तपशील कमी दिले होते. आपण कोणाबरोबर गेलो आणि किती मजा आली हेच तो अधिक सांगत होता. जो तेथे राहिलाच नाही तो न्हाणीघर केवढे होते हे कोठून सांगणार?

हदीसशास्त्राच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. कोणतीही रिवायत स्वीकारण्यापूर्वी ती सांगणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरेच भेटला होता का, हे सगळे पाहिले जाई. 'अस्मा-उर-रिजाल' म्हणजे अशा हजारो कथनकर्त्यांच्या नोंदींचे शास्त्र. आजची संकेतस्थळे हेच विचारतात. या माणसाने माल विकत घेतला होता का? खाते कालच उघडले का? एकाच दिवशी पन्नास दुकानांना पाच तारे कसे दिले? बोलापेक्षा बोलणारा आधी तपासावा, हे तत्त्व तेच.

कायदाही आता मागे नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालावर अभिप्राय टाकण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि प्रसिद्ध कसे करावेत, हे त्यात आहे. तेव्हा ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही २०२४ मध्ये खोटे अभिप्राय विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा नियम केला.

पण कायद्याच्या आधी आपला ईमान आहे. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, 'अल-मुतफ्फिफीन'. विकत घेतलेला अभिप्राय हे आजचे खोटे वजनच आहे. पूर्वी पारड्याखाली मेण लावीत, आता ताऱ्यांखाली लावतात. आणि बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी खात्री करून घ्यावी, हा 'अल-हुजुरात' सूरहमधील आदेश गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही लागू आहे. एखाद्या दुकानाला एक तारा पाहून तेथे न जाण्यापूर्वी, किंवा ती निंदा पुढे पाठवण्यापूर्वी, खालच्या ओळी वाचाव्यात.

शब्द कोणाचे, कमाई कोणाची?

लोक फुकट लिहितात आणि त्या लिखाणाचा बाजारात भाव होतो. रेडिट या संकेतस्थळाने २०२४ मध्ये आपल्या सदस्यांचे लेखन यंत्रांना शिकवण्यासाठी वापरू देण्याचा करार गूगलशी केला. त्याची किंमत वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले होते. लिहिणाऱ्या सदस्यांना फक्त लिहिल्याचे समाधान! माती ज्याची त्याला माती, धातू खाणवाल्याला.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यातील एक अपवाद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. जी वैयक्तिक माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे अभिप्राय लिहिताना आपणच आपला फोन नंबर, घराचा पत्ता, मुलीच्या शाळेचे नाव टाकले तर हा कायदा आपल्या मदतीला येणार नाही. मालाबद्दल सविस्तर लिहावे, स्वतःबद्दल जपून.

दुकानदाराने काय करावे?

पहिले काम म्हणजे एक वही घ्यावी. पानावर पाच रकाने आखावेत : माल, वजन, बांधणी, पोहोच, वागणूक. आठवड्यातून एकदा आपल्या दुकानावरचे सगळे अभिप्राय वाचावेत आणि प्रत्येक कौतुकाला त्या रकान्यात उभी रेघ, प्रत्येक तक्रारीला फुली मारावी. तीन महिन्यांत ढिगातली ओल कोठे आहे ते दिसेल. यासाठी संगणक लागत नाही. अभिप्राय शेकडो असतील तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला हेच काम संगणकावर करायला सांगावे. त्याला हा विषयही समजेल.

दुसरे, गिऱ्हाईकाला "पाच तारे द्या" म्हणू नये. "जे वाटले ते आपल्या भाषेत लिहा" असे म्हणावे. पिशवी कशी होती, रंग कसा आला, किती दिवसांत मिळाली, असे तपशील असलेला चार ताऱ्यांचा अभिप्राय नुसत्या "मस्त"पेक्षा माणसालाही पटतो आणि यंत्रालाही. मराठीत लिहिले तर त्यातून मराठी वाढते. 'खालिस' लिहिले तर उद्याच्या यंत्राला 'खालिस' कळण्याची आशा राहते.

तिसरे, तक्रारीला सभ्य उत्तर द्यावे आणि चूक असेल तर कबूल करावी. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचतात. तक्रार खोटी असेल तर भांडू नये. बिल, तारीख, छायाचित्र जपून ठेवून संकेतस्थळाकडे दाद मागावी.

चौथे, यंत्राच्या निकालाला शेवटचा निकाल मानू नये. तीस जणांनी 'भेसळ' लिहिले एवढेच यंत्र सांगते. हळदीत भेसळ आहे की नाही हे सांगणार प्रयोगशाळा. तीस जण चुकू शकतात, तीस जण विकलेही जाऊ शकतात. पण तीस जणांनी लिहिले असेल तर नमुना तपासायला पाठवण्याची जबाबदारी दुकानदाराची आहे. त्यात कुचराई करू नये.

पाचवे, कोणी खोटे तारे विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. यंत्राने आज पकडले नाही तर उद्या पकडेल, हे खरेच आहे. आणि कधीच पकडले नाही तरी जी रोजी खोट्या गवाहीवर उभी आहे तिची बरकत किती, हे आपण जाणतो.

पुढच्या परतवारीला नरसीत पुन्हा माणूस लोटेल. कोणी हळद घेईल, कोणी बांगड्या भरेल, कोणी चहा पिईल, आणि घरी जाऊन दोन ओळी लिहील. त्या ओळी यंत्र मोजेल, गठ्ठ्यात टाकेल, दुकान वर किंवा खाली सरकवेल. यंत्राच्या पारड्यात काय पडावे हे मात्र आपल्या हाती आहे. गिऱ्हाईकाने खरे लिहावे, आणि दुकानदाराने ढीग असा रचावा की कोणीही हात घातला तरी आत ओल लागू नये.